कॅसलरॉकची हमी

कॅसलरॉकला मी आजवर पाच-सहा वेळा गेलो असेन, पण स्टेशनाच्या बाकावर निवांत बसण्याचा योग मागच्या डिसेंबरात आला. मोले सोडून अनमोडचा घाट चढला की गोव्याची हद्द संपते आणि कर्नाटकातला जोयडा तालुका सुरू होतो. अनमोडहून थोडे आत वळले की कॅसलरॉक. गाव लहान, स्टेशन मात्र गावाच्या मानाने मोठे. कुळ्यापासूनचा घाट चढायचा-उतरायचा तर गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात, त्यांची जोडतोड इथे होते. आम्ही गोव्याची माणसे दूधसागर बघायला जातो, या मार्गाचे फोटो काढतो, 'काय ते जुन्या लोकांचे काम!' म्हणतो आणि घरी येतो. मीही तेच करत आलो होतो.

माझे आजोबा या स्टेशनाची वेगळीच आठवण सांगत. ते धारवाडला शिकायला होते. सुटी संपवून परत जाताना कुळ्याला पाखल्यांचा जकातवाला ट्रंक उघडून बघे, आणि घाट चढून कॅसलरॉकला पोचले की इंग्रजांचा जकातवाला तीच ट्रंक पुन्हा उघडे. आईने दिलेल्या लाडवांचा डबा दोन-दोन सरकारे हुंगतात, असे ते म्हणत. या गाडीला ते नेहमी 'कंपनीची गाडी' म्हणायचे. कुठली कंपनी, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आपण आजोबांना हवे ते प्रश्न त्यांच्या हयातीत कधीच विचारत नाही.

पुढे पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुने काही चाळताना त्या कंपनीचे पूर्ण नाव वाचले. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनी. नावातच 'गॅरंटीड'! मी थबकलो. कारण मी पडलो सरकारी कारकून. कला शाखेची पदवी घेऊन नोकरीला लागलो आणि त्यातली बरीच वर्षे निविदांच्या फायली लावण्यात गेली. गॅरंटी हा शब्द दिसला की माझ्यासारख्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो : कुणी दिली, आणि कुणाला?

आमच्या फायलीत याचे उत्तर ठरलेले असते. ठेकेदार सरकारला हमी देतो. निविदा भरताना बयाणा रक्कम भरतो, काम मिळाले की सुरक्षा ठेव ठेवतो किंवा बँकेची हमी आणून देतो. काम संपल्यावरही काही काळ त्याची जबाबदारी सुटत नाही. त्या मुदतीत भिंतीला तडा गेला तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचे. उशीर झाला तर दंड. म्हणजे पैसा लोकांचा आणि जोखीम काम करणाऱ्याची. निदान कागदावर तरी असेच असते.

कॅसलरॉकच्या रेल्वेची गोष्ट नेमकी उलटी होती. तिथे हमी सरकारने कंपनीला दिली होती.

ही गोष्ट सुरू होते ती २६ डिसेंबर १८७८ रोजी. त्या दिवशी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला. त्याआधीची दोन-तीन वर्षे दख्खन आणि कर्नाटकात भीषण दुष्काळ पडला होता. बंदरात धान्य आले तरी ते घाटावर पोचवायला साधन नाही, हे इंग्रजांना तेव्हा चांगलेच कळले. धारवाड-बल्लारीकडचा कापूस बाहेर काढायलाही जवळचे बंदर हवे होते. मुरगावसारखे नैसर्गिक बंदर पोर्तुगिजांच्या हाती पडून होते, आणि गोव्याच्या तिजोरीत खडखडाट होता. दोघांची गरज जुळली. मुरगावपासून घाटापर्यंत रेल्वे आणि बंदर पोर्तुगिजांनी उभारायचे, तिथून पुढचा मार्ग इंग्रजांकडचा.

या तहाची दुसरी बाजू गोव्यात फार दुखली. दोन्ही मुलखांमधली जकात उठली, पण त्याच्या बदल्यात गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले. दारूच्या अबकारीची व्यवस्थाही इंग्रजी मुलखाच्या धर्तीवर आली. या सगळ्याची भरपाई म्हणून इंग्रजांनी पोर्तुगीज सरकारला दर वर्षी चार लाख रुपये द्यायचे ठरले. ही नियमित रक्कम रेल्वेच्या व्याजाला उपयोगी पडेल, असा लिस्बनचा हिशेब होता. थोडक्यात, आगरात उन्हातान्हात मीठ ओढणाऱ्याच्या धंद्यावर रेल्वेचा पाया घातला गेला. त्या माणसाला तहाच्या टेबलावर कुणी बोलावले नव्हते, हे सांगायला नकोच.

मग आला करार. १८ एप्रिल १८८१ रोजी पोर्तुगीज सरकारने लंडनमधल्या एका गटाशी करार केला. ड्यूक ऑफ सदरलंड हा त्यातला मोठा मासा. त्याच्या स्टॅफर्ड हाउस या वाड्यावरून त्या मंडळीला स्टॅफर्ड हाउस कमिटी म्हणत. त्यांचीच पुढे ही गॅरंटीड कंपनी झाली. कराराचा गाभा दोन ओळींत सांगता येतो. पहिल्या आठ लाख पौंड भांडवलावर सरकार पाच टक्के परताव्याची हमी देईल. त्यापुढे लागणाऱ्या साडेपाच लाख पौंडांपर्यंतच्या भांडवलावर सहा टक्क्यांची.

कारकुनाच्या नजरेने हे कलम वाचा. काम अंदाजात बसले तर पाच टक्के, आणि अंदाजाबाहेर गेले तर वरच्या रकमेवर सहा टक्के! आमच्याकडे खर्च वाढला की ठेकेदाराच्या मागे नोटिसांचा ससेमिरा लागतो. इथे वाढीव खर्चाला जास्त दराचे व्याज होते. असे कलम लिहिणारा मूर्ख होता असे मी म्हणणार नाही. अंदाज चुकल्यावर लंडनच्या बाजारात नवा पैसा उभा करणे कठीण जाते आणि कठीण पैसा महाग असतो, असा त्यामागचा विचार असणार. पण परिणाम काय? काटकसर करण्याचे कुणालाच कारण उरले नाही. प्रत्यक्षात ते वाढीव भांडवलही उभारावे लागले.

आता साधा गुणाकार करू. आठ लाखांचे पाच टक्के म्हणजे चाळीस हजार पौंड. साडेपाच लाखांचे सहा टक्के म्हणजे तेहतीस हजार. एकूण त्र्याहत्तर हजार पौंड दर वर्षी. करार झाला तेव्हा एका पौंडाला साधारण बारा रुपये पडत. म्हणजे पावणेनऊ लाख रुपये. रेल्वेने स्वतः काही कमावले नाही तर इतकी रक्कम सरकारने भरायची, आणि मिठाचे मिळणार चार लाख. बाकीचे रेल्वे कमावेल, हा भरवसा.

ही पद्धत पोर्तुगिजांनी शोधून काढली नव्हती. ती मुंबईतच रुजलेली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ च्या ऑगस्टमध्ये जो करार केला, त्यात पाच टक्क्यांची हमी होती आणि जमीन फुकट होती. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती या हमीच्या जोरावर. पाच टक्क्यांच्या वर नफा झाला तर त्यात कंपनीचा वाटा. तोटा होऊ लागला तर सहा महिन्यांची नोटीस देऊन मार्ग सरकारच्या गळ्यात घालायचा आणि घातलेले भांडवल परत घ्यायचे, अशीही सोय होती. विल्यम मॅसी नावाचे एक गृहस्थ हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री होते. १८७२ साली त्यांनी इंग्लंडच्या पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. तिचा मथितार्थ असा की, ज्या भांडवलदाराला पाच टक्के मिळणारच आहेत, त्याला आपला पैसा हुगळीत फेकला काय किंवा त्याच्या विटा झाल्या काय, सारखेच. सरकारचा अर्थमंत्रीच असे म्हणाला, यापेक्षा वेगळा दाखला नको.

इंग्रज त्यातून थोडेफार शिकले. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनीशी करार करताना त्यांनी हमीचा दर साडेतीन-चार टक्क्यांवर आणला होता. म्हणजे गंमत बघा. कॅसलरॉकच्या पूर्वेला जाणाऱ्या रुळांवरची हमी साडेतीन-चार टक्क्यांची, आणि पश्चिमेला घाट उतरणाऱ्या रुळांवरची पाच-सहा टक्क्यांची. जवळपास एकाच काळातले करार, एकाच शहरातला पैसा, आणि मध्ये एक स्टेशन. ज्याची गरज जास्त आणि पत कमी, त्याला कर्ज महाग. सावकारी पेढीचा हा नियम राजांनाही लागू होतो.

काम मात्र झाले, आणि चांगले झाले, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. जानेवारी १८८७ मध्ये मुरगाव ते सांवर्डे मार्ग खुला झाला आणि फेब्रुवारी १८८८ मध्ये गाडी घाट चढून कॅसलरॉकला पोचली. सगळा मिळून ऐंशीएक किलोमीटरचा मार्ग. पण त्यातला कुळ्यापासून वरचा पाव शतक किलोमीटरांचा घाट म्हणजे डोंगर, दऱ्या, बोगदे आणि जंगल. आज मालगाडीला मागून-पुढून इंजिने लावताना बघितली की अंगावर काटा येतो, मग त्या काळात काय असेल!

गाडी आली, पण माल आला नाही. निदान कागदावर धरला होता तेवढा आला नाही. १८९० च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वेचाच लोंढा-बेळगाव-पुणे हा मार्ग पुरा झाला आणि घाटावरचा माल मुंबईकडे ओढला जाऊ लागला. घाटावरच्या रुळांचे दर ठरवणे पोर्तुगिजांच्या हातात नव्हते. मुंबई बंदर सोडून इंग्रज मुरगावची भर कशाला करतील? त्यातच जानेवारी १८९२ मध्ये तहाची बारा वर्षांची मुदत संपली आणि तो पुढे वाढवला गेला नाही. मिठाचे चार लाख बंद झाले. रेल्वेची हमी मात्र चालूच.

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोचते ती ही विसंगती. उत्पन्नाला बारा वर्षांची मुदत आणि देण्याला तसली मुदत नाही. आमच्या कार्यालयातला नवा शिकाऊसुद्धा अशी फाईल पुढे पाठवणार नाही. पाठवली तर लेखा शाखा लाल शाईने शेरा मारून परत करील.

तिसरा घाव चलनाने घातला. चांदीचा भाव घसरत होता आणि रुपया चांदीचा. १८८१ साली बारा रुपयांना मिळणारा पौंड १८९४-९५ च्या सुमारास साडेअठरा रुपयांच्या घरात गेला. त्याच त्र्याहत्तर हजार पौंडांचे आता साडेतेरा लाख रुपये झाले. रेल्वेची कमाई भाड्याच्या रुपयांत, हमी पौंडांत. रुळावर एक खिळा जादा न ठोकता देणे दीडपट! आणि याच सुमारास, १८९२ साली, खुद्द पोर्तुगाल आपल्या परदेशी कर्जाचे व्याज पूर्ण देऊ शकेना इतका खंक झाला होता. शेवटी १९०२ च्या करारान्वये हा मार्ग चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडेच सोपवण्यात आले. पाहुण्याला स्वयंपाकघराची किल्ली द्यावी तसे झाले.

वाचकांपैकी काहींना ही कथा कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली असेल. महाराष्ट्रातल्या वाचकांना तर नक्कीच. पौंडाच्या जागी डॉलर घाला आणि रेल्वेच्या जागी वीज, म्हणजे दाभोळ. एन्रॉनच्या त्या प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. वीज मंडळाने पैसे दिले नाहीत तर महाराष्ट्र सरकारची हमी, आणि तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच, आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. तेव्हा डॉलर एकतीस रुपयांचा होता, २००१ साली सत्तेचाळीसच्या आसपास गेला. त्याच वर्षी वीज मंडळाने करार मोडला आणि गुहागरच्या किनाऱ्यावरचा तो अवाढव्य प्रकल्प बंद पडला. मधल्या एकशेबारा वर्षांत आपण इतिहासाच्या परीक्षेत प्लासीची लढाई पाठ केली, पण हे कलम कुणी शिकवले नाही.

याचा अर्थ हमी देणेच चूक, असा काढू नये. मी स्वतः बराच काळ तसे समजत होतो. पण १८८१ सालच्या गोव्याला कोण कर्ज देणार होते? हमी नसती तर रेल्वे झाली नसती. पुढे विसाव्या शतकात संडूरकडचे मँगनीज याच घाटाने मुरगावला उतरले. १९५५ साली भारताने नाकेबंदी केली तेव्हा सरहद्दीवरून जाणारी गाडी बंद झाली. मुक्तीनंतर ती पुन्हा सुरू झाली. नव्वदच्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले. जे काम सव्वाशे वर्षांहून जास्त टिकले आणि आजही पोट भरते आहे, त्याला फसलेले काम म्हणणे अन्यायाचे होईल. रेल्वे फसली नाही, करार फसला होता. या दोन गोष्टी वेगळ्या असतात. करार सोडून फक्त पूल बघणारे आणि पूल सोडून फक्त करार बघणारे, दोघेही अर्धेच बघतात.

माझा प्रश्न हमी असावी की नसावी, हा नाही. प्रश्न एवढाच की, एका कामात दहा जणांचे नशीब अडकलेले असताना हमी कुणाकुणाला मिळते? कॅसलरॉकच्या करारात लंडनमध्ये बसलेल्या भागधारकाला हमी होती. त्याने हा घाट कधी पाहिलाही नसेल. घाटात सुरुंगाच्या दारूने दगड फोडणाऱ्या मजुराला कसली हमी? कामावर मेलेल्या-जखमी झालेल्या कामगाराला भरपाई देण्याचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानातच १९२३ साली आला. म्हणजे या घाटातून गाडी धावू लागल्यानंतर पस्तीस वर्षांनी. दूधसागरच्या पुलावर उभे राहून फोटो काढताना आपण इंजिनियराचे कौतुक करतो. खडक फोडणाऱ्यांचे एकही नाव आपल्याला ठाऊक नसते.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका वेगळ्या कार्यालयात होतो. एका आडगावातल्या ओढ्यावर साकव बांधण्याचे काम चालले होते. अर्धे काम टाकून ठेकेदार बेपत्ता झाला. एक दिवस एक बाई खिडकीशी आली. नवऱ्याला ताप, आणि दोघांची दोन महिन्यांची मजुरी अडकलेली. बरोबर आणखी नऊ-दहा माणसांची. मी म्हटले, ''मावशी, आमचा करार ठेकेदाराशी. त्यालाच भेटा.'' ती गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. मी पुन्हा तेच सांगितले. खोटे काहीच बोललो नव्हतो. करारावर खरोखरच तिची सही नव्हती.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा काही बोलली नाही. फक्त विचारले, ''साहेब, आम्ही बांधलेला साकव सरकारचा ना?''

त्या रात्री मला झोप आली नाही, असे लिहिले तर ते नाटकी होईल. झोप आली. पण दुसऱ्या दिवशी मी फाईल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा कराराच्या सर्वसाधारण अटी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. तोवर मी त्यांच्यावर फक्त शिक्का मारत होतो. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्यात स्पष्ट लिहिले होते : ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर काम करवून घेणाऱ्या मूळ मालकाने ती द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. आमच्या अटींमध्येही त्याला धरून एक कलम होते. कितीतरी वर्षे ते तिथे होते. बाईला कायदा ठाऊक नव्हता, पण तिने कायद्यातलाच प्रश्न विचारला होता. साकव कुणाचा?

मी टिपण लिहिले. वरिष्ठ म्हणाले, ''नसती उठाठेव कशाला?'' पण टिपणात कलमाचा आकडा घातला की ते टिपण गिळता येत नाही, एवढे नोकरीत शिकलो होतो. ठेकेदाराची ठेव अडकवून ठेवलेलीच होती. चार-पाच महिन्यांनी त्यातून मजुरी दिली गेली. बाकी सगळे आले. ती बाई आणि तिचा नवरा मात्र गाव सोडून गेले होते. हजेरीपटावर नाव होते, पत्ता नव्हता. त्यांची रक्कम तशीच खात्यावर पडून राहिली. मी तिला दोनदा परत पाठवले नसते तर ती पोचली असती. हे मला कुणी कधी विचारले नाही, आणि विचारणारही नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, जुना कायदा त्यांत विरून गेला, तरी ते तत्त्व कायम राहिले आहे. ते परिपत्रक टेबलावर आले तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती खिडकीशी उभी असलेली मावशी.

कॅसलरॉकहून त्या दिवशी आम्ही रामनगरला गेलो. तेही जोयडा तालुक्यातच. खरे तर या तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा गाव होते. जलविद्युत प्रकल्पासाठी काळी नदीवर एकशेएक मीटर उंचीचे धरण बांधले गेले आणि १९८० च्या दशकात सुपा पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठिकाण जोयडाला आले. उठलेल्या कुटुंबांपैकी बरीचशी रामनगरला वसली. या माणसांची बोली ऐकली तर आपण फोंड्याच्या बाजारात उभे आहोत असे वाटते. कोकणी आणि मराठी इथे सख्ख्या बहिणींसारख्या एका घरात नांदतात.

चहाच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ भेटले. आम्ही गोव्याचे म्हटल्यावर खुर्ची ओढून बसले. त्यांचे बालपण सुप्यात गेलेले. मी सवयीप्रमाणे कागदपत्रांची चौकशी केली. ते हसले. म्हणाले, ''कागद आहे हो. झाडे मोजली होती, घराचे वासे मोजले होते. सगळे बरोबर लिहिले होते. संगमावर संध्याकाळी जाऊन बसायचो, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?''

यात त्यांनी कुणाला दोष दिला नाही, मीही देत नाही. त्या वेळी जमीन घेतली जायची ती १८९४ च्या कायद्याने, आणि त्या कायद्याला जमीन दिसत होती, घर दिसत होते, झाड दिसत होते. दुसऱ्याच्या जमिनीवर राबून पोट भरणारा त्याला दिसत नव्हता. उठवलेल्या माणसाला पुन्हा वसवणे ही सरकारची बांधिलकी आहे, असे साऱ्या देशासाठी कायद्यात लिहायला २०१३ साल उजाडले. त्या कायद्यात पहिल्यांदा जमिनीच्या मालकाबरोबर कूळ आणि शेतमजूरही 'बाधित कुटुंब' म्हणून मोजले गेले. सुप्याला तो उशिरा आला. पण आला.

परतीच्या वाटेवर अनमोडचा घाट उतरताना अंधार पडला. दूर डोंगरात गाडीची शिटी ऐकू आली. आजोबांची कंपनीची गाडी! कंपनी केव्हाच गेली, ड्यूक गेला, पोर्तुगाल गेला, जकातवाले गेले. मागे उरला तो मार्ग आणि त्याची गोष्ट.

मला त्या गोष्टीतून घेण्यासारखे एकच वाटते. रस्ता असो, पूल असो, धरण असो की विमानतळ, उद्‌घाटनाच्या फलकावर नावे कुणाची आहेत ते वाचू नये. करार मिळाला तर तो वाचावा, आता माहितीच्या अधिकारात तो मागताही येतो. त्यात फक्त 'हमी' हा शब्द शोधावा आणि पुढचे तीन प्रश्न विचारावेत. कुणी दिली? कुणाला दिली? आणि ज्यांना दिलेली नाही, ते कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर करारात कधीच सापडत नाही. ते खिडकीशी येऊन उभे राहते. आपण मान वर करून बघायची तेवढी तयारी ठेवावी.

सोमवारी मी कार्यालयात गेलो. टेबलावर एका नव्या कामाची निविदा होती. पहिल्या पानापासून वाचायला घेतली.